सायपानच्या पिस्तूलबंदीचं पुढे काय झालं?

प्रशांत महासागरात, जपानच्या बरंच दक्षिणेला आणि फिलिपिन्सच्या पूर्वेला, चौदा बेटांची एक माळ आहे. नाव नॉर्दर्न मारियाना. त्यातली सायपान, टिनियन आणि रोटा ही तीनच बेटं खऱ्या अर्थाने वस्तीची. २०२० च्या जनगणनेत सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या ४७,३२९ भरली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. ही बेटं अमेरिकेची आहेत, पण अमेरिकेचं राज्य नाहीत. चलन डॉलर, टपाल अमेरिकी, जन्मलेलं मूल अमेरिकी नागरिक. तरीही या अमेरिकी भूमीवर मार्च २०१६ पर्यंत सामान्य माणसाला घरात पिस्तूल ठेवायला बंदी होती. परवाना मिळणं अवघड होतं असं नाही, पिस्तुलाचा परवाना हा प्रकारच नव्हता.

अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुपरमार्केटात बंदुका विकणारा देश येतो. त्याच देशाच्या एका कोपऱ्यात इतका कडक कायदा इतकी वर्षं कसा टिकला, आणि मग एका निकालात कसा गेला? मला या गोष्टीत बंदुकीपेक्षाही एक दुसरी बाब जास्त रंजक वाटते. बेटवासीयांनी १९७५ मध्ये एका करारावर होकार दिला. त्या करारातल्या ज्या कलमाशी इथं संबंध येतो, त्यातला एकही शब्द पुढे बदलला नाही. बदलला तो एका शब्दसमूहाचा अर्थ, तोही बारा हजार किलोमीटरवरच्या वॉशिंग्टनमध्ये, आणि त्या बदलात या लोकांचा काडीचाही हात नव्हता.

आधी जुना कायदा

पिस्तूलबंदी अमेरिकेच्या संसदेने केलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जून-जुलैमध्ये, सायपानवर अमेरिका आणि जपान यांच्यात भीषण लढाई झाली. त्याआधी तीन दशकं बेटं जपानकडे होती, त्याआधी जर्मनीकडे, आणि त्याआधी स्पेनकडे. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या भागाचा कारभार विश्वस्त म्हणून अमेरिकेकडे सोपवला. मालक नव्हे, विश्वस्त. त्या विश्वस्त राजवटीतल्या शस्त्रकायद्याचा वारसा पुढे नॉर्दर्न मारियानाने चालू ठेवला.

कायद्याचा गाभा सोपा होता. शिकारीची लांब बंदूक चालेल, हातात मावणारी नाही. लांब बंदुकांमध्येही मुख्यतः लहान तोंडाच्याच: पॉइंट २२ ची रायफल आणि पॉइंट ४१० ची छऱ्यांची बंदूक. हे आकडे म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो, कारण बंदुकीच्या कायद्यात निम्मा गोंधळ आकड्यांचाच असतो. पॉइंट २२ म्हणजे नळीचा आतला व्यास ०.२२ इंच, साधारण साडेपाच मिलिमीटर. पॉइंट ४१० म्हणजे ०.४१० इंच, दहा मिलिमीटरच्या जरा वर. आपल्याकडच्या बारा बोअरचं गणित मात्र उलटं चालतं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा व्यास तो बारा बोअर, म्हणजे जवळपास साडेअठरा मिलिमीटर. आकडा वाढला की तोंड लहान होतं. पॉइंट ४१० ला हा हिशोब लागत नाही, तो सरळ इंचातच सांगतात. भारतात पोलिसांच्या पहाऱ्यावर पूर्वी असायची ती 'चारशेदहा मस्केट' याच मापाची.

एवढ्याशा बंदुकीने तिथं मारायचं तरी काय? स्पॅनिश काळात बाहेरून आणून सोडलेली हरणं रोटासारख्या बेटावर आहेत. पक्षी आहेत. आणि फळं खाणारं मोठं वटवाघूळ, स्थानिक नाव 'फानिही', हे चामोरो लोकांचं, म्हणजे या बेटांवरच्या मूळ रहिवाशांचं, जुन्या काळापासूनचं मेजवानीचं पक्वान्न. आता त्याची संख्या घटल्याने २००५ पासून अमेरिकी कायद्याने ते संरक्षित आहे आणि त्याची शिकार गुन्हा आहे. सांगायचा मुद्दा, बंदुकीकडे तिथं घराचं रक्षण म्हणून कमी आणि रानातलं अवजार म्हणून जास्त पाहिलं जायचं. पिस्तुलाला या चित्रात जागाच नव्हती. ते शिकारीला फारसं कामाचं नाही, आणि कमरेला लपतं.

बंदूक घ्यायची तर पोलीस खात्याकडून शस्त्र-ओळखपत्र काढावं लागे. आपला परवाना जसा, तसंच साधारण. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना देतात, 'तुम्हाला गरज काय' हे विचारतात आणि नाही म्हणायला त्यांना बरीच मोकळीक असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे हक्क नाही, सरकारने दिलेली सवलत आहे. सायपानवरही व्यवहारात हीच धारणा होती. फरक एवढाच, की सायपानच्या डोक्यावर जी राज्यघटना होती ती वेगळं काही म्हणत होती.

बेट असण्याचा एक मोठा फायदा इथं सांगायला हवा. शिकागोत पिस्तूलबंदी होती तेव्हाही अर्ध्या तासावरच्या इंडियाना राज्यातून गाडीच्या डिकीत पिस्तुलं येत. सायपानला असा शेजारी नाही. तिथं बंदुकीचा कारखाना नाही, महामार्ग नाही. जे काही येतं ते बंदरावर किंवा विमानतळावर कस्टमच्या टेबलावरून येतं. विमानात बंदूक न्यायची तर ती रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत, विमान कंपनीला आधी सांगून, सामानाच्या कक्षातच द्यावी लागते. पिस्तूल टपालाने पाठवायला सामान्य माणसाला अमेरिकेत १९२७ पासून मनाई आहे. त्यामुळे जे कडक कायदे मुख्य भूमीवरच्या शहरात कागदावर राहतात, ते बेटावर खरोखर अमलात येऊ शकतात. समुद्र हा फुकटचा चौकीदार.

करारातली यादी

आता मुख्य गाठ. सत्तरच्या दशकात विश्वस्त प्रदेशातल्या इतर बेटांनी स्वातंत्र्याकडे जाणारी वाट धरली. नॉर्दर्न मारियानाने अमेरिकेशी कायमचं नातं जोडायचं ठरवलं. १५ फेब्रुवारी १९७५ ला करारावर सह्या झाल्या, १७ जूनला बेटांवर सार्वमत झालं आणि सुमारे ७९ टक्के लोकांनी होकार दिला. २४ मार्च १९७६ ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने तो कायदा झाला. हा करार म्हणजेच या प्रदेशाचा जन्मदाखला. त्याला तिथं नुसतं 'कव्हेनंट' म्हणतात.

या कव्हेनंटचं कलम ५०१ वाचण्यासारखं आहे. अमेरिकी घटनेतलं नेमकं काय काय या बेटांवर लागू होईल, याची ती चक्क यादी आहे. असं का लागलं? अमेरिकी सुप्रीम कोर्टाने १९०१ पासूनच्या काही निकालांत एक विचित्र सिद्धांत मांडला होता. जिंकलेल्या किंवा विकत घेतलेल्या बेटांवर अमेरिकेचं राज्य असलं, तरी अमेरिकी घटना तिथं आपोआप पूर्णपणे लागू होत नाही, फक्त काही मूलभूत भाग लागू होतात. कोणते भाग मूलभूत, हे कोर्ट प्रकरण येईल तसं ठरवणार. या टांगत्या तलवारीखाली राहण्यापेक्षा मारियानाच्या लोकांनी यादीच लिहून घेतली. शहाणपणाचं काम.

त्या यादीत आहे: घटनेच्या पहिल्या नऊ दुरुस्त्या, जणू ही बेटं म्हणजे एखादं राज्यच आहे अशा रीतीने लागू. या नवांत दुसरी दुरुस्ती आलीच. १७९१ ची ती दुरुस्ती थोडक्यात म्हणते: मुक्त राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्याने, शस्त्रं बाळगण्याचा आणि वागवण्याचा लोकांचा हक्क मोडला जाणार नाही.

वाटाघाटी करणारे भोळे होते का? मुळीच नाही. जिथं त्यांचा जीव अडकला होता तिथं त्यांनी अपवाद करून घेतले. सगळ्यात मोठा अपवाद जमिनीचा. बेटावर जमीन मोजकी, बाहेरचा पैसा आला की ती हातची जाणार. म्हणून जमिनीची कायमची मालकी फक्त मूळच्या बेटवासीयांच्या वंशजांकडेच राहील अशी तरतूद त्यांनी केली. मुख्य अमेरिकेत वंशाच्या आधारावर असा नियम एक दिवस टिकला नसता. इथं तो टिकला, १९९० मध्ये अपील कोर्टाने उचलूनही धरला. महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजासहजी घेता येत नाही, तो नियम ज्या भीतीतून आला तीच ही भीती. दुसरा अपवाद स्थानिक खटल्यांत ज्यूरी सक्तीची नसण्याचा. एवढ्याशा बेटावर आरोपीचा नातेवाईक नसलेले बारा लोक शोधायचे कुठून? तिसरा, स्थानिक सिनेटमध्ये लहान बेटांना मोठ्या बेटाइतक्याच जागा.

जमीन, ज्यूरी, जागा. बंदूक नाही. करार करताना पिस्तूलबंदीसाठी अपवाद मागावा असं कोणाला वाटलं नसेल, तर त्यात नवल नाही. १९७५ साली दुसरी दुरुस्ती म्हणजे अमेरिकी घटनेतला अडगळीतला भाग होता. सुप्रीम कोर्टाने तिच्याकडे नीट लक्ष दिलं होतं ते १९३९ मध्ये, आणि तेव्हा भर होता पहिल्या अर्ध्या वाक्यावर, नागरी सेनेवर. देशभरातली कोर्टं तोच धागा धरून बंदूकबंद्या मान्य करत होती. गंमत अशी, की ज्या १९७६ मध्ये हा करार वॉशिंग्टनमध्ये मंजूर झाला, त्याच वर्षी खुद्द वॉशिंग्टन शहराने नागरिकांना नवी पिस्तुलं घ्यायला बंदी घातली. मग सायपानकराने कशाला काळजी करावी? १९९१ मध्येसुद्धा निवृत्त सरन्यायाधीश वॉरन बर्गर, आणि हे काही डाव्या विचारांचे गृहस्थ नव्हेत, टीव्हीवरच्या मुलाखतीत म्हणाले की दुसरी दुरुस्ती प्रत्येक व्यक्तीला बंदुकीचा हक्क देते हा प्रचार म्हणजे जनतेची शुद्ध फसवणूक आहे.

अर्थ उलटला

२६ जून २००८ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी वॉशिंग्टन शहराची ती पिस्तूलबंदी रद्द केली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं: नागरी सेनेचा उल्लेख ही प्रस्तावना आहे, हक्क लोकांचा, प्रत्येक व्यक्तीचा आहे, आणि त्याचा गाभा आहे स्वसंरक्षण, विशेषतः स्वतःच्या घरात. पिस्तूल हे स्वसंरक्षणासाठी अमेरिकी माणसाचं सर्वात पसंतीचं हत्यार, तेव्हा त्यावर सरसकट बंदी चालणार नाही. त्याच निकालात त्यांनी हेही लिहिलं की गुन्हेगारांना बंदूक नाकारणं, शाळा आणि सरकारी इमारतींत मनाई करणं, विक्रीवर अटी घालणं यांवर आम्ही शंका घेत नाही.

वॉशिंग्टन हा केंद्राच्या ताब्यातला भाग. राज्यांना हे लागू का? दोन वर्षांनी, २८ जून २०१० ला, शिकागोच्या प्रकरणात कोर्टाने सांगितलं: हो, राज्यांनाही लागू. आणि कलम ५०१ म्हणत होतं, 'जणू हे राज्यच'. कायद्याच्या दृष्टीने सायपानची पिस्तूलबंदी त्या दिवशीच गेल्यात जमा होती. कोर्टात कोणीतरी जाण्याचा तेवढा अवकाश होता.

इथं जरा थांबून हे पाहा. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजूर करते. नॉर्दर्न मारियानाच्या लोकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. सिनेटमध्ये त्यांचा कोणी नाही. कनिष्ठ सभागृहात त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, तोही २००९ पासून, आणि कायदा मंजूर होताना त्याला अंतिम मत देता येत नाही. घटनेची नवी दुरुस्ती करायची तर ती राज्यं मंजूर करतात, प्रदेश नाहीत. म्हणजे ज्या वाक्याने त्यांचा कायदा मोडला ते वाक्य, त्याचा अर्थ लावणारी माणसं, आणि ती माणसं नेमणारी माणसं, यांपैकी कशावरही त्यांचा अधिकार चालत नाही. बंदुकांच्या बाजूचा असो वा विरोधातला, हे कोणालाही खटकायला हवं असं मला वाटतं.

कोर्टात

प्रकरण नेलं ते सायपानवर राहणाऱ्या एका जोडप्याने. नवरा अमेरिकी नागरिक, बायको ग्रीनकार्डधारक. २०१० मध्ये त्यांच्या घरात हल्लेखोर घुसले आणि त्यांनी बायकोला जबर मारहाण केली. दोघांनी घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवायची परवानगी हवी म्हणून अर्ज केले, काही हाती लागलं नाही, आणि २०१४ मध्ये त्यांनी दावा लावला. पाठीशी मुख्य अमेरिकेतली बंदूकहक्कवाली संघटना होती. समोर प्रदेशाचं सरकार, आणि सरकारच्या बाजूने मध्येच सामील झालेली एका स्थानिक शाळेची पालक-शिक्षक संघटना. शाळेच्या पालकांनी बंदुकीच्या खटल्यात पक्षकार व्हावं, यावरून गावाचा कल कळतो. आमच्या बेटावर हे नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

निकाल देणाऱ्या न्यायाधीश रमोना मॅंग्लोना या सायपानच्याच. बाहेरून आलेल्या कोणा गोऱ्या साहेबाने लादलेला हा निकाल नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. मार्च २०१६ मध्ये त्यांनी पिस्तूलबंदी घटनाबाह्य ठरवली. तर्क वर आला तोच. यादीत दुसरी दुरुस्ती आहे, तिचा अर्थ सुप्रीम कोर्टाने सांगितला आहे, तिसरं काही शिल्लक राहत नाही. लोकांना बंदी हवी आहे हा मुद्दा कोर्टात चालत नाही, कारण मूलभूत हक्क बहुमताच्या आवडीनिवडीपासून वाचवण्यासाठीच लिहिलेले असतात.

निकालाचा दुसरा भाग कमी गाजला, पण बेटासाठी तोही महत्त्वाचा. जुन्या कायद्यात ग्रीनकार्डधारकांना शस्त्र-ओळखपत्र मिळतच नसे. कोर्टाने तेही काढून टाकलं: कायमचा रहिवासी असलेल्याला नागरिकासारखंच वागवा. या बेटांवर एकेकाळी कपड्यांच्या कारखान्यांमुळे निम्म्याहून जास्त वस्ती परदेशी कामगारांची होती, म्हणून हा प्रश्न तिथं नुसता पुस्तकी नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना मात्र याचा उपयोग नाही. त्यांच्यावरची बंदी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातच आहे. अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्या आपल्या मंडळींनाही तीच लागू होते: शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा त्यांच्यासाठी केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीनकार्ड हातात आलं की ही अट सुटते. मित्राच्या शेतावर हौसेने निशाणा साधायला जाण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

हजार डॉलरचा कर

सरकारपुढे प्रश्न पडला. बंदी गेली, म्हणजे उद्यापासून मोकळं रान? पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०१६ मध्ये, विधिमंडळाने घाईघाईने नवा कायदा केला आणि राज्यपाल राल्फ टोरेस यांनी त्यावर सही केली. पिस्तूल घ्या, पण या या अटींवर. परवाना, प्रत्येक बंदुकीची नोंदणी, घरात कुलपात ठेवण्याची सक्ती, मोठ्या मापाच्या रायफलींना मनाई, सैनिकी धाटणीच्या रायफलींना मनाई, चालू स्थितीतली बंदूक बाहेर नेण्यास मनाई. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे प्रत्येक पिस्तुलावर एक हजार डॉलर कर. बरीचशी साधी पिस्तुलं तेव्हा याच्या निम्म्या किमतीत मिळत. वस्तूपेक्षा कर दुप्पट. बंदी दारातून गेली आणि खिडकीतून आत आली.

यावर पुन्हा दावा. या वेळी एक माजी सैनिक, वकील न लावता स्वतःच उभा. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायाधीशांनी निकाल दिला, आणि मला वाटतं या सबंध गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच. त्यांनी सरसकट सगळं उडवलं नाही. एकेक अट उचलून पाहिली.

टिकलं काय? परवाना टिकला. घरात बंदूक कुलपात ठेवण्याची अटही टिकली. लहान मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागू नये हा हेतू कोर्टाला रास्त वाटला, आणि कुलूप उघडायला लागणाऱ्या क्षणांमुळे स्वसंरक्षणाचा हक्क बुडत नाही.

गेलं काय? कर गेला. हे समजायला सोपं आहे. मतदानाच्या हक्काचंच घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेत पूर्वी मत द्यायला कर भरावा लागे, हेतू हा की गरीब काळ्या माणसाने मतदानाला येऊच नये. व्हर्जिनियातला तो कर फक्त दीड डॉलर होता, तरी सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. हक्क वापरायचा म्हणून कारभाराचा खर्च निघेल एवढी फी सरकार घेऊ शकतं, पण हक्क परवडूच नये म्हणून कर लावू शकत नाही. हजार डॉलरच्या कराने पिस्तूल फक्त श्रीमंतांपुरतं उरलं असतं, आणि घरफोडीची भीती काही श्रीमंतालाच नसते.

मोठ्या मापाच्या आणि सैनिकी धाटणीच्या रायफलींवरची बंदीही गेली. चालू बंदूक घराबाहेर नेण्यावरची संपूर्ण मनाई गेली. आणि प्रत्येक बंदुकीची नोंदणीही गेली.

नोंदणी आणि परवाना यांत फरक काय, असं कोणीही विचारेल. परवाना माणसाचा असतो: हा इसम गुन्हेगार नाही, वेडा नाही, याला बंदूक देता येईल. नोंदणी वस्तूची असते: अमुक क्रमांकाचं पिस्तूल अमुक माणसाकडे आहे. आपल्याकडे दोन्ही एकाच पुस्तिकेत येतं, परवान्यावरच शस्त्राचा क्रमांक चढवतात, त्यामुळे हा भेद आपल्याला चटकन दिसत नाही. अमेरिकेत मात्र बंदूकहक्कवाल्यांना परवान्यापेक्षा नोंदणीचा धसका जास्त. सरकारकडे यादी असली की उद्या तेच यादी घेऊन जप्तीला येईल, ही त्यांची पिढीजात धास्ती. प्रामाणिकपणे सांगायचं तर निकालाचा हा तुकडा मला पटत नाही. जिथं प्रत्येक बंदूक बंदरातून किंवा विमानतळावरूनच आत येते, तिथं नोंदणी हे पोलिसांच्या हातातलं सगळ्यात कामाचं साधन. चोरीला गेलेलं पिस्तूल कोणाचं, हे सायपानवर जितकं सहज शोधता आलं असतं तितकं टेक्सासमध्ये कधीच शक्य नाही.

शेजारी आणि पुढची कसोटी

हे सगळं प्रशांत महासागरातल्या अमेरिकी बेटांचं सार्वत्रिक चित्र आहे असं समजू नका. याच मारियाना माळेतलं दक्षिणेचं टोक म्हणजे ग्वाम. भूगोल एक, चामोरो लोक एक, तरी प्रदेश वेगळा, कारण ग्वाम १८९८ मध्येच स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. ग्वामवर ओळखपत्र काढून पिस्तूल कायदेशीरपणे घेता येत होतं, आणि २०१४ च्या कायद्यानंतर अटी पूर्ण करणाऱ्याला ते लपवून जवळ बाळगण्याचा परवाना देणंही सरकारला भाग पडलं. तिथल्या पर्यटनपट्ट्यात नेमबाजीच्या खोल्या आहेत. ज्या जपानी पर्यटकाला मायदेशी पिस्तूल पाहायलाही मिळत नाही, तो तिथं पैसे मोजून दोन-चार डझन गोळ्या झाडतो, निशाणाचा कागद गुंडाळून घरी नेतो. विमानाने जेमतेम पाऊण तासाच्या अंतरावर असे दोन टोकाचे कायदे इतकी वर्षं सुखाने शेजारी नांदत होते.

२०१६ च्या निकालांत न्यायाधीशांनी जी पद्धत वापरली ती साधारण अशी: सरकारचा हेतू किती वजनदार, आणि अट त्या हेतूला किती नेमकी बसते. तराजूच म्हणा. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा शंभरहून जास्त वर्षं जुना परवाना-नियम रद्द करताना हा तराजूच बाजूला ठेवला. आता बंदुकीवरची कोणतीही अट टिकवायची असेल, तर सरकारने दाखवायचं की असं नियमन अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं. मुख्यतः पाहायचा काळ म्हणजे १७९१ च्या आसपासचा, जेव्हा दुसरी दुरुस्ती आली, आणि काही जणांच्या मते १८६८ चाही, जेव्हा राज्यांना हक्कांनी बांधणारी चौदावी दुरुस्ती आली. २०२४ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या एका प्रकरणात कोर्टाने थोडी ढील दिली: हुबेहूब जुळा कायदा नको, तत्त्व जुळलं तरी पुरे. कसोटी मात्र इतिहासाचीच राहिली.

आता ही कसोटी सायपानला लावून पाहा. १७९१ मध्ये इथं स्पेनचा अंमल होता, १८६८ मध्येही स्पेनचाच. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनशी झालेल्या लढायांनंतर उत्तरेकडच्या बेटांवरचे चामोरो लोक उचलून ग्वामला नेऊन बसवले गेले होते, रोटावर थोडे मागे राहिले एवढंच. सायपानवर पुन्हा वस्ती झाली ती एकोणिसाव्या शतकात, दक्षिणेकडून होड्यांनी आलेल्या कॅरोलिनियन लोकांची, मागाहून परतलेल्या चामोरोंची. तेव्हा कुलपाच्या सक्तीला किंवा परवान्याला उद्या कोणी आव्हान दिलं, तर सरकारी वकिलाला सायपानच्या दप्तरात शोधून काही सापडायचं नाही. त्याला बॉस्टनमध्ये बंदुकीची दारू घरात कशी साठवायची याचे अडीचशे वर्षांपूर्वीचे नियम काढावे लागतील, आणि ते टिनियनच्या एखाद्या शेतकऱ्याच्या कपाटाला कसे लागू होतात हे न्यायाधीशांना पटवून द्यावं लागेल.